मखमलच्या मिशा

कात्रीबाई गप्प बसलीय असं कुणी कधी पाहिलंच नव्हतं. हातात कात्री आली की तिची जीभ सुटायचीच. तिच्या वडिलांचं केस कापायचं दुकान होतं, दोन खुर्च्यांचं, तडा गेलेल्या आरशाचं. वडिलांचे हात थरथरायला लागले तेव्हा ती खुर्चीमागे उभी राहिली. सुरुवातीला एकही पुरुष तिच्यापुढे मान द्यायला तयार होईना. "बाईच्या हातात वस्तरा? नको रे बाबा!" म्हणत लोक दारातूनच मागे फिरायचे. मग एके सकाळी एक म्हातारे पोस्टमन घाईत होते म्हणून नाइलाजानं बसले. ही बोलत राहिली, ते ऐकत राहिले, आणि दाढी कधी झाली ते त्यांना कळलंही नाही. त्या दिवसापासून त्यांनी पत्रांबरोबर तिचं कौतुकही घरोघर वाटलं.

घोड्यांकडे ती वळली ती अशीच, बोलता बोलता. गावाबाहेर घोडेस्वारी शिकवायची शाळा होती. त्या शाळेचे मालक दाढीला यायचे. एकदा गालाला साबण लावलेला असतानाच ते रडगाणं गाऊ लागले, की आयाळ-शेपट्या कापणारा माणूस काम सोडून गेला, आता काय करू.

"मी येते की," कात्रीबाई म्हणाली.

"घोड्याचे कापशील?"

"का नाही? घोडा निदान 'बाजूचे जरा जास्त, वरचे जरा कमी' असं म्हणत डोकं तरी खाणार नाही."

गेली, आणि दुकान सांभाळून तिथलीच झाली. नवरा लवकर गेला होता. पोटची एकच लेक. आई तबेल्यात काम करायची तेव्हा लेक गवताच्या गंजीवर खेळायची. खेळता खेळता घोड्यावर बसली आणि मोठी होऊन त्याच शाळेत पोरांना स्वारी शिकवू लागली. मायलेकी एकाच फाटकातून कामाला जात. एक घोड्यांना सजवायची, दुसरी पळवायची.

तबेल्यात सगळ्यांची लाडकी होती मखमल. काळपट तांबूस रंगाची, उतारवयाला लागलेली घोडी. तरुणपणी तिनं उड्यांच्या शर्यती गाजवल्या होत्या. वर्षभरापूर्वी मात्र तिनं उडी मारायचं अचानक सोडून दिलं. उडीच्या आडव्या दांड्यापाशी यायची आणि पाय रोवून उभी राहायची. "वय झालं बिचारीचं," सगळे म्हणाले, आणि तिला नवशिक्या पोरांसाठी ठेवलं. तिथं तर तिनं कमालच केली. रिंगणात अशी शांतपणे फिरायची की घाबरट पोरंही तासाभरात हसायला लागत. चालही बदलली होती तिची. पाय उंच उचलून, ठुमकत चालायची. "म्हातारपणी मिरवायला लागलीय," लेक हसून म्हणायची. आणि डोळे तर काय सांगावे! मोठे, काळेभोर, ओलसर चमकणारे. पोरांच्या आया खास तिचे डोळे बघायला कुंपणापाशी येत. कात्रीबाई अभिमानानं सांगायची, "असे डोळे काजळ घालून होत नाहीत हो, देवानंच द्यावे लागतात."

मखमलची मैत्रीण म्हणजे गळ्यात घंटा बांधलेली एक शेळी. दोघींच्या खोल्या शेजारी. शेळी जिथं जाईल तिथं मखमल मागोमाग. शेळी पाणी प्यायला गेली की ही निघाली, शेळी सावलीला गेली की ही सावलीला. लोकांना त्याचीही गंमत वाटायची.

शाळेचं वार्षिक प्रदर्शन जवळ आलं. आदल्या दिवशी दुपारी कात्रीबाईनं सगळ्या घोड्यांना तयार करायला घेतलं. आयाळी सारख्या केल्या, शेपट्या विंचरून खाली सरळ कापल्या, खुरांवरचे झुपके उतरवले. शेवटी मशीन घेऊन तोंडं गुळगुळीत करायची. प्रदर्शनाला घोड्याच्या ओठांवर, हनुवटीवर, डोळ्यांवर ते लांब लांब राठ केस नकोत, अशीच रीत होती. तिनं वर्षानुवर्षं तेच केलं होतं.

मखमल एरवी तिच्या हाताखाली उभ्या उभ्या डुलक्या घ्यायची. त्या दिवशी मशीन ओठाला लागलं आणि तिनं मान झटकन वर घेतली.

"अगं, अगं! काय झालं माझ्या बाईला?" कात्रीबाई म्हणाली. "उद्या पाहुणे येणार. अशी दाढी वाढवून जाणार होय त्यांच्यापुढे?"

पुन्हा हात लावला. पुन्हा मान वर. हिनं एका हातानं घोडीचं नाक घट्ट धरलं, दुसऱ्या हातानं मशीन फिरवलं, आणि तोंडानं आपली नेहमीची बडबड चालू ठेवली. ओठ झाले, हनुवटी झाली. मग डोळ्यांच्या वरचे आणि खालचे लांब केसही काढले. मागे सरून पाहिलं. मखमलचं तोंड नव्या मखमलीसारखं दिसत होतं. घोडीचे कान मात्र एक पुढे, एक मागे असे सैरभैर हलत होते. "रुसलीस?" असं म्हणून कात्रीबाईनं तिच्या मानेवर थाप मारली आणि ती पुढच्या घोड्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गडबड होती. मालकांनी हौसेनं रिंगणाची सगळी मांडणी बदलली होती. कुंपणाची एक बाजू पाहुण्यांच्या खुर्च्यांसाठी आत सरकवली होती, तिच्या आतल्या अंगाला रंगवलेली पिंपं, कोपऱ्यांत फुलांच्या कुंड्या, आणि फाटकावर लाउडस्पीकर. गेल्या वर्षी शेळीनं पाहुण्यांची फुलं खाल्ली होती, म्हणून या वेळी तिला पहाटेच लांबच्या गवताच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं.

मखमलला पाण्यावर सोडलं तर तिचं तोंड हौदाच्या काठावर धाडकन आदळलं. ओठ फुटून रक्त आलं. कात्रीबाई फडकं घेऊन धावली.

"काय गं ही वेंधळी! रोजचाच हौद ना तुझा?"

लेक तिथंच होती. तिच्या कपाळाला आठी पडली. "बावचळलीय. गर्दीचा आवाज आहे ना." मग जरा विचार करून म्हणाली, "आधी मी एक फेरी मारते हिच्यावर. जरा शांत झाली की पोरीला बसवते."

ती पोरगी, डोक्याला शिरस्त्राण बांधून, कुंपणापाशी उभीच होती. शाळेतली सगळ्यात लहान विद्यार्थिनी. तिची आई कॅमेरा घेऊन तयार होती.

लेकीनं रिकिबीत पाय घातला आणि वर बसली. लाउडस्पीकर जोरात वाजत होता. मखमल फाटकातून आत आली आणि थांबली. अंग थरथरत होतं. मान उंच करून ती मोठ्यानं खिंकाळली, पुन्हा खिंकाळली, जणू कुणाला तरी हाक मारत होती. लेकीनं मानेवरून हात फिरवला, टाचेनं हलकेच इशारा केला. मखमल एक पाय टाकायची आणि थांबायची. पुन्हा इशारा. शेवटी ती निघाली, नेहमीच्या ठुमकत्या चालीनं, नेहमीच्या वाटेनं, कुंपणाच्या कडेकडेनं. फक्त कुंपण आता तिथं नव्हतं.

ती सरळ पिंपांवर गेली. डावीकडे वळली नाही, उजवीकडे वळली नाही, उडीही मारली नाही. लख्ख उन्हात, लाल-पांढऱ्या रंगाच्या पिंपांवर ती अशी गेली की जणू तिथं काहीच नाही. पिंपं गडगडली, घोडी भेदरून बाजूला उसळली आणि छातीनं नव्या कुंपणाचा आडवा दांडा मोडून आरपार गेली. लेक दांड्यासकट खाली आली. खुर्च्यांतले लोक किंचाळत उठले.

कशी पोचली ते कात्रीबाईला नंतरही आठवलं नाही, पण ती लेकीपाशी गुडघ्यांवर बसलेली होती.

"आई, मी ठीक आहे," लेक पांढऱ्याफटक चेहऱ्यानं म्हणाली. "हात नाही उचलता येत. खांद्यापाशी काहीतरी मोडलंय. पण आई, ती पळाली का? तिला बघ."

मखमल पळाली नव्हती. मोडक्या कुंपणापलीकडे जिथं थांबली तिथंच उभी होती, चारी पाय फाकून, घामानं निथळत. पुढे जायचं की मागे यायचं हे तिला ठरवता येत नव्हतं. कुणीतरी लाउडस्पीकर बंद केला तेव्हा लोकांना तिचा फुसफुसणारा श्वास ऐकू आला.

पाहुण्यांत जनावरांचे डॉक्टर होते. शाळेच्या घोड्यांची देखभाल तेच करायचे. जाडजूड, सावकाश बोलणारे गृहस्थ. ते मखमलजवळ जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग मालकांना म्हणाले, "हिला दिसत नाहीये."

"काय बोलता डॉक्टर!" कात्रीबाई ताडकन उठली. "दिसत नाही कसं? रोज बघतेय मी तिला. हे बघा!" आणि तिनं घोडीच्या डोळ्यापुढे हात जोरात हलवला. मखमलनं डोळा मिटला आणि मान बाजूला घेतली. "बघितलंत? दिसतंय की!"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुमच्या हाताचा वारा लागला तिला. आता बोलू नका आणि हलू नका."

त्यांनी पिशवीतून कापसाचा बोळा काढला. बाजूला उभे राहून तो मखमलच्या डोळ्यासमोर, जरा अंतरावरून, अलगद सोडला. पांढरा बोळा तरंगत खाली आला. आवाज नाही, वारा नाही. मखमलचा डोळा हललासुद्धा नाही. दुसऱ्या बाजूनं सोडला. तेच. मग त्यांनी बॅटरी काढून, तिच्या डोळ्यावर तळव्याचा आडोसा धरून थेट आत उजेड टाकला.

"या इकडे, कात्रीबाई. बघा आत."

तिनं वाकून पाहिलं. तोच तो काळाभोर डोळा. उजेड आत जात होता आणि तळाशी हिरवट काहीतरी चकाकत होतं. पण मधली काळी बाहुली होती तेवढीच राहिली.

"आपल्या डोळ्यांत उजेड पडला की बाहुली बारीक होते," डॉक्टर म्हणाले. "मागे एक पडदा असतो. उजेड त्याच्यावर पडतो आणि तो मेंदूला कळवतो. मेंदू सांगतो, फार झाला, दार लोटून घे. हिचा पडदा वाळून गेलाय. उजेड पडला काय नि नाही काय, कळवणारं कुणी नाही. म्हणून बाहुली कायम सताड उघडी."

"म्हणजे... हे मोठे काळे डोळे..." कात्रीबाई पुटपुटली.

"हो. तेच."

वर्षभर ज्या डोळ्यांचं कात्रीबाई कौतुक करत होती ते आंधळे होते म्हणून सुंदर दिसत होते! तिनं घोडीच्या मानेचा आधार घेतला तर मान दचकून दूर झाली.

लेक जमिनीवर बसून, दुखरा हात पोटाशी धरून सगळं ऐकत होती. गाडी आणायला माणूस गेला होता. "आज झालंय का हे, डॉक्टर? रात्रीतून?"

"नाही. असा पडदा हळूहळू जातो. उडी कधी सोडली तिनं?"

लेकीचे डोळे विस्फारले. "गेल्या वर्षी."

"पाय उंच उचलायला कधी लागली?"

"त्याच्याच... त्याच्याच आगेमागे." लेकीनं मखमलच्या पायांकडे पाहिलं. "पुढे काय आहे ते माहीत नाही म्हणून उचलत होती ती? मी हसायचे तिला. आणि डॉक्टर, मी पोरं बसवली तिच्यावर! वर्षभर! रोज!"

कुंपणापाशी लहानग्या पोरीच्या आईनं पोरीला असं काही जवळ ओढलं की तिच्या गळ्यातला कॅमेरा पोरीच्या शिरस्त्राणावर ठाणकन आपटला.

डॉक्टर पिंपावर टेकले. त्यांचा आवाज उतरला. "मी हिचे दात तपासले, खूर तपासले, लस टोचली. डोळ्यांत बॅटरी मारली नाही. मी आलो की ही कान टवकारायची, जवळ यायची. कशाला संशय येईल?"

"पण मग ती चालत कशी होती?" मालकांनी विचारलं. "पाणी, दार, रिंगण... कधी एक पाऊल चुकलं नाही तिचं."

तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. घोड्याला नुसत्या डोळ्यांनी जग कळत नाही. त्याचा एकेक कान स्वतंत्र फिरतो, एक पुढचं ऐकतो तर दुसरा मागचं. शेळीची घंटा हिची वाट होती. शिकवणारीचा आवाज, भिंतीवरून परतणारा टापांचा आवाज, सगळं ती कानात साठवत होती. नाकानं तिला हौद सापडायचा, माणूस ओळखू यायचं. रिंगणाची माती तर पायांना पाठ झाली होती, कुठं घट्ट, कुठं भुसभुशीत.

"आणि अगदी जवळचं," ते म्हणाले, "तोंडापुढचं, हे मिशा सांगतात. चांगल्या डोळ्यांच्या घोड्यालाही स्वतःच्या नाकाखालचं दिसत नाही, कारण डोळे पडले डोक्याच्या दोन बाजूंना. तिथलं काम हे राठ केस करतात. भांड्याचा काठ कुठं, दगड कुठं, गवत कुठं. आदळायच्या आधी केस टेकतो आणि तोंड थांबतं."

त्यांनी हे कुणाकडे बघून सांगितलं नव्हतं. मखमलच्या मिशा गेल्यात हे त्यांना ठाऊकही नव्हतं. पण मखमलच्या गुळगुळीत मुस्कटाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते बोलता बोलता थांबले.

"मी काढल्या," कात्रीबाई म्हणाली. "काल दुपारी. सगळ्या." मग स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाली, "केसच तर आहेत. केसाला दुखत नाही हो डॉक्टर. जन्मभर केस कापतेय मी."

"केसाला नाहीच दुखत. पण हा डोक्यावरच्या केसासारखा नाही. याच्या मुळाशी रक्तानं भरलेली इवलीशी पिशवी असते, आणि तिच्याभोवती मज्जातंतूंचं जाळं. टोक जरासं हललं तरी पिशवीत दाब बदलतो आणि मेंदूला खबर जाते. केस म्हणजे नुसती काठी. आंधळ्या माणसाच्या हातातली असते तशी."

कात्रीबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. काल याच हातानं तिनं घोडीचं नाक घट्ट धरलं होतं. मखमल दोनदा मान वर घेऊन सांगत होती, आणि हिची बडबड चालू होती. दाढी वाढवून जाणार होय पाहुण्यांपुढे!

"एकट्या तुमच्यामुळे नाही झालं," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. "शेळी कोंडली, कुंपण हलवलं, वर हा कर्णा लावला. सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी तिचं सगळं काढून घेतलं."

पण ते तिच्या कानात शिरलं नाही. कात्रीबाईची वाचाच बसली होती. आणि तबेल्यातल्या लोकांना त्या दिवशी अपघातापेक्षाही जास्त भीती वाटली ती तिच्या गप्प बसण्याची.

इस्पितळात लेकीच्या खांद्याचं पुढचं हाड मोडल्याचं निघालं. हात गळ्यात बांधून तिला खाटेवर बसवलं. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. मायलेकी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

"आई," लेक एकदम म्हणाली, "ती आपल्या खोलीत शिरायच्या आधी नेहमी थांबायची. हनुवटी चौकटीला लावायची, मग आत जायची. मला वाटायचं खाजवतेय."

"हं."

"पावसाळ्यात फाटकापाशी डबकं झालं होतं, तेव्हा तासभर हलली नाही. मी ओरडले तिच्यावर."

"हं."

"आई, काहीतरी बोल ना. तू बोलत नाहीस तर मला भीती वाटते."

कात्रीबाईनं तोंड उघडलं, आणि शब्दांऐवजी हुंदकाच बाहेर आला. मग दोघी मनसोक्त रडल्या, एकीचा हात बांधलेला, दुसरीला कुठून जवळ घ्यावं ते कळेना.

मालकांनी आठवड्याभरात सगळ्या पालकांना बोलावून खरं काय ते सांगून टाकलं. लपवायला गेलो तर उद्या तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. एक बाप म्हणाला, "माझा मुलगा आंधळ्या घोडीवर स्वारी शिकला?" आणि त्याचं त्यालाच खरं वाटेना. काही जणांनी पोरं काढून घेतली. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? उरलेल्यांनी अट घातली की प्रत्येक घोड्याचे डोळे तपासा. डॉक्टरांनी तपासले. एकेका घोड्यापुढे कापूस सोडताना सगळा तबेला श्वास रोखून उभा होता. बाकीच्यांचे डोळे धड निघाले.

मखमलचं काय करायचं हा प्रश्न होताच. मालक म्हणाले, "आता हिला इथं ठेवून हाल करायचे, की झोपेचं इंजेक्शन देऊन सोडवायचं?"

"हाल?" डॉक्टर म्हणाले. "ती आजारी नाही. वर्षभर तिनं तुमची शाळा चालवली तेव्हाही आंधळीच होती. तिचं जग जागच्या जागी ठेवा, एवढंच मागणं आहे तिचं."

मालक उठून मखमलच्या खोलीपर्यंत जाऊन आले. परत आल्यावर म्हणाले, "शेळीला पुन्हा कोंडायचं नाही. आणि हौद कुणी इंचभर जरी हलवला तर मला सांगा." विषय तिथंच संपला.

कात्रीबाईला मात्र खरा धक्का पुढेच बसायचा होता. हिंमत गोळा करून ती मखमलकडे गेली तेव्हा तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. बोलायची लाज वाटत होती तिला. दार ढकलून आत पाऊल टाकलं, आणि मखमल फुरफुरत थेट मागच्या भिंतीला जाऊन चिकटली. नाकपुड्या फुगलेल्या, कान मागे पडलेले. वर्षानुवर्षं जिच्या हाताखाली ती झोपायची तिलाच घाबरत होती! कात्रीबाई दाराशीच थांबली.

"एप्रन काढ," मागून लेक म्हणाली. ती हात गळ्यात बांधूनच आली होती. "मशीनचं तेल सांडलेलं असतं त्याच्यावर. डॉक्टर म्हणाले, वास विसरत नाहीत हे. आणि गप्प काय राहतेस? तुझा आवाज आला नाही तर कोण आलंय हे तिला कळणार कसं?"

कात्रीबाईनं एप्रन काढून बाहेर लांब टाकला. हौदावर जाऊन हात साबणानं खसाखसा धुतले. परत येऊन उंबऱ्यावरच बसली आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून वडिलांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायला लागली. त्या पोस्टमनची, फक्त अर्धी मिशी काढून पळालेल्या एका वकिलाची. मखमलचा एक कान तिच्याकडे वळला. दुसरा वळला नाही. तेवढ्यावरच त्या दिवशी समाधान मानावं लागलं.

मग ती रोज यायची. दुकान उघडायच्या आधी, खोलीच्या उंबऱ्यावर बसून बोलायची, आणि घोडीला हात न लावता निघून जायची. मखमलच्या ओठांवर काळे खुंट दिसायला लागले, मग ते वाढत गेले. हौदावर आदळणं कमी झालं. एके सकाळी कात्रीबाई बोलत असताना मखमल पुढे आली, पाऊल पाऊल करत. मान खाली केली. आणि तिच्या गालाला काहीतरी राठ, बारीक, हुळहुळणारं टेकलं. ओठ नाही, नुसते केसच. गालावरून ते कपाळावर गेले, कपाळावरून नाकावर, नाकावरून ओठांवर. आंधळं माणूस चेहरा चाचपतं तसे. कात्रीबाईला शिंक येत होती, ती तिनं कशीबशी दाबून ठेवली. मखमलनं वरचा ओठ उचलून दात दाखवले, हवा आत ओढली आणि बराच वेळ त्या वासाचा अंदाज घेत उभी राहिली. मग तिनं जड डोकं कात्रीबाईच्या खांद्यावर टाकलं.

"किती वजन गं तुझं!" कात्रीबाई म्हणाली, पण हलली नाही.

लेकीचा खांदा सांधला. ती पुन्हा शिकवायला लागली, फक्त आता नव्या घोड्यावर पोराला बसवण्याआधी ती बॅटरी आणि कापूस घेऊन जायची. मखमलवर स्वार बसायचे नाहीत. ती आणि शेळी मागच्या लहानशा कुरणात असत.

कात्रीबाईनं आयाळी आणि शेपट्यांचं काम चालू ठेवलं. मिशांना मशीन लावायचं मात्र कायमचं बंद केलं. तिनं मोठेपणा मिरवला नाही. विचारलं तर एवढंच म्हणायची, "मला माहीत नव्हतं हो. इतकी वर्षं हात फिरवला आणि माहीतच नव्हतं." दर वेळी हे सांगताना आज पहिल्यांदाच कळल्यासारखी ती थक्क व्हायची.

एकदा दुसऱ्या गावाहून एक हौशी गृहस्थ आपला पांढरा घोडा घेऊन आले. स्वतःच्या झुपकेदार मिशांना तेल लावून, पीळ देऊन आलेले. घोड्याचं तोंड गुळगुळीत करून हवं होतं त्यांना. कात्रीबाईनं नकार दिला. त्यांनी कारण विचारलं. तिनं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न लपवता. ते ऐकताना त्यांचा हात नकळत घोड्याच्या हनुवटीखाली गेला. तिथले लांब केस त्यांच्या बोटांना लागले तसा घोड्याचा ओठ थरथरला.

"हे... हे त्याला कळतंय?" ते दचकून म्हणाले.

"सगळं कळतंय," कात्रीबाई म्हणाली. "बोटं जरा हळू फिरवा."

त्यांनी हात अलगद काढून घेतला. मग लगाम धरून, घोड्याला न सजवताच, फाटकाकडे चालू लागले.